इलेक्टोरल कॉलेज मोडायची गरज नाही, ‘जो जिंकेल त्याला सगळं’ हा नियम मोडा

पूर्वाई

अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षपदाच्या निवडणुकीचा विषय निघाला की आपल्याकडे एक मुद्दा हमखास येतो. २०१६ मध्ये हिलरी क्लिंटन यांना डोनाल्ड ट्रम्प यांच्यापेक्षा २८ लाखांहून जास्त मतं पडली, तरी त्या हरल्या. २००० मध्ये अल गोर यांचंही तेच झालं. मग ही कसली लोकशाही? आणि त्यावर उपाय काय, तर इलेक्टोरल कॉलेज बरखास्त करा.

मला वाटतं, आपण चुकीच्या ठिकाणी बोट ठेवतोय.

आधी इलेक्टोरल कॉलेजची रचना थोडक्यात. नोव्हेंबरमध्ये मतदार मत देतो ते प्रत्यक्षात आपल्या राज्यातल्या इलेक्टरांच्या, म्हणजे राष्ट्राध्यक्ष निवडणाऱ्या प्रतिनिधींच्या गटाला. प्रतिनिधीगृहातले त्या राज्याचे सदस्य अधिक त्याचे दोन सिनेटर, इतके इलेक्टर प्रत्येक राज्याला. वॉशिंग्टन डीसीचे ३ धरून एकूण ५३८, बहुमताला २७०. डिसेंबरमध्ये इलेक्टर आपापल्या राज्यात मतं देतात, ६ जानेवारीला काँग्रेससमोर, म्हणजे अमेरिकी संसदेसमोर ती मोजली जातात, २० जानेवारीला शपथविधी.

इथपर्यंत फारसं बिघडत नाही. बिघडतं ते पुढे. ४८ राज्यांत आणि डीसीत, एका मताने का होईना, जो पुढे असेल त्याला तिथले सगळे इलेक्टर मिळतात. २०२० मध्ये कॅलिफोर्नियात ट्रम्प यांना ६० लाख मतं पडली. ते जिंकले त्या टेक्सासमध्येही त्यांना इतकी मतं नव्हती. तरी कॅलिफोर्नियाचे ५५ च्या ५५ इलेक्टर बायडेन यांच्याकडे गेले. टेक्सासमध्ये बायडेन यांच्या ५२ लाख मतांची गतही तीच. दोन्ही पक्षांचे कोट्यवधी मतदार दर चार वर्षांनी मत देतात आणि त्यांच्या राज्याच्या निकालात त्याची खूणही उरत नाही.

हा नियम घटनेत नाही. इलेक्टर कसे नेमायचे ते राज्याच्या विधिमंडळाने ठरवावं, एवढंच घटना म्हणते. मेन आणि नेब्रास्का या राज्यांनी वेगळी पद्धत धरली आहे: दोन इलेक्टर राज्यभरात जिंकणाऱ्याला, बाकीचे प्रतिनिधीगृहाच्या प्रत्येक मतदारसंघातल्या विजेत्याला. इतर राज्यांनाही आपला कायदा बदलता येईल, घटनादुरुस्ती लागणार नाही.

सह्यकडा

तीव्र असहमत. ‘युनायटेड स्टेट्स’मधली राज्यं ही दिल्लीने नकाशावर आखलेली राज्यं नव्हेत. १७८७ मध्ये फिलाडेल्फियातल्या घटना परिषदेत ती करार करून एकत्र आली. लहान राज्यांना सिनेटमध्ये बरोबरीची जागा मिळाली म्हणूनच ती संघात आली. आज वायोमिंगमध्ये दोन लाखांहून कमी लोकांमागे एक इलेक्टर आहे, कॅलिफोर्नियात सात लाखांहून जास्त लोकांमागे एक. लोक याला अन्याय म्हणतात, मी याला दिलेला शब्द म्हणतो.

आणि राज्याने एकमुखाने का बोलू नये? आपलं वजन वाटून टाकायचं नाही, हे राज्यं स्वतःच ठरवतात. एकूण मतांवर निवडणूक नेलीत तर न्यूयॉर्क, लॉस एंजेलिस, शिकागोतच प्रचार होईल. शिवाय २००० ची फ्लोरिडा आठवा. ५३७ मतांच्या फरकासाठी एका राज्यात पाच आठवडे गोंधळ चालला आणि १२ डिसेंबरला सर्वोच्च न्यायालयाला निकाल द्यावा लागला. देशभराच्या मतांवर अटीतटीची निवडणूक झाली तर ही फेरमोजणी पन्नास राज्यांत होईल.

आणि आपल्याकडे तरी काय वेगळं आहे? २०१४ मध्ये भाजपला ३१ टक्के मतांवर लोकसभेच्या २८२ जागा मिळाल्या.

डेलावेअरकाठ

प्रचार शहरांत होईल की खेड्यांत, हे बाजूला ठेवा. आज तो कुठे होतो ते न्यू जर्सीत राहून मी बघते. आमचं राज्य डेमोक्रॅटिक पक्षाकडे जाणार हे गृहीत असतं, त्यामुळे १४ इलेक्टर असूनही उमेदवार आमच्याकडे येतात ते देणग्यांच्या जेवणांना. नदीपलीकडे पेनसिल्व्हेनियात १९ इलेक्टर आणि निकाल अनिश्चित. तिथे सभांवर सभा, दारोदार स्वयंसेवक. दक्षिण जर्सीत टीव्ही फिलाडेल्फियाचा दिसतो, म्हणून जाहिरातींचा मारा मात्र आम्हालाही सोसावा लागतो. २०२४ मध्ये आमच्या मराठी मंडळातले उत्साही लोक शनिवारी पूल ओलांडून पेनसिल्व्हेनियात प्रचाराला जात होते, दोन्ही पक्षांचे. नागरिकत्वाची शपथ घेऊन पहिलं मत देणाऱ्या माणसाला ‘तुझं मत इथे नको, तिकडे जाऊन दुसऱ्याचं मिळव’ असं सांगावं लागतं, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

सह्यकडा, लहान राज्यांचं रक्षण होतं म्हणता. वायोमिंग, व्हरमाँट, डेलावेअर यांच्याकडे कोणता उमेदवार मतं मागायला जातो? २०२४ ची सगळी लढाई पेनसिल्व्हेनिया, मिशिगन, विस्कॉन्सिन, जॉर्जिया, नॉर्थ कॅरोलिना, ॲरिझोना आणि नेवाडा या सातांत झाली. यातलं नेवाडा सोडलं तर लहान म्हणावं असं एकही नाही.

निळावंती

मी तर दोघांच्याही विरोधात आहे. डागडुजी नको, थेट मतदान हवं.

‘करार’ म्हणताना त्यातली गुलामगिरी का झाकायची? फिलाडेल्फियात घटनेचे एक प्रमुख शिल्पकार जेम्स मॅडिसन यांनीच मान्य केलं होतं की जनतेने थेट निवडणं सर्वांत योग्य, पण दक्षिणेतल्या गुलामांना मताधिकार नसल्याने त्या पद्धतीत दक्षिणेचं वजन पडणार नाही. इलेक्टरांच्या पद्धतीत मात्र प्रतिनिधीगृहाच्या जागा मोजताना प्रत्येक गुलामाची तीन-पंचमांश माणूस अशी गणती होत होती. ज्यांना माणूस म्हणून मत नव्हतं, त्यांच्या डोक्यांवर मालकांच्या राज्यांना जास्त इलेक्टर मिळाले. हे वाचल्यापासून ‘पूर्वजांचं शहाणपण’ हे शब्द मला या पद्धतीसाठी वापरवत नाहीत.

शहरांची भीतीही पोकळ आहे. सर्वांत मोठी शंभर शहरं एकत्र केली तरी देशाच्या लोकसंख्येचा जेमतेम पाचवा हिस्सा होतो. आणि फेरमोजणी? २०२० मध्ये बायडेन देशभरात ७० लाख मतांनी पुढे होते. पण ॲरिझोना, जॉर्जिया आणि विस्कॉन्सिनमधली मिळून ४३ हजार मतांची आघाडी नसती तर २६९-२६९ झालं असतं. वादाला जागा कोणती पद्धत जास्त ठेवते?

थेट निवडणुकीची घटनादुरुस्ती १९६९ मध्ये प्रतिनिधीगृहात ३३८ विरुद्ध ७० मतांनी मंजूर झाली होती. दोन्ही पक्षांनी पाठिंबा दिला होता. १९७० मध्ये सिनेटमधल्या काही सदस्यांनी चर्चाच संपू दिली नाही आणि ती मेली. म्हणजे बदल अशक्य आहे असं नाही, तो अडवला गेला.

रानजाई

पूर्वाई, रोगाचं निदान पटलं, औषध नाही. मतदारसंघांनुसार इलेक्टर वाटले तर मतदारसंघांच्या सीमा आखणारा पक्ष राष्ट्राध्यक्षही ठरवू लागेल. २०१२ मध्ये सगळीकडे मेनची पद्धत असती, तर ओबामांपेक्षा सुमारे ५० लाख मतं कमी पडूनही मिट रॉम्नी जिंकले असते! मतांच्या टक्केवारीने वाटले तर तिसऱ्या-चौथ्या उमेदवारालाही इलेक्टर मिळतील आणि २७० कोणालाच न मिळण्याची शक्यता वाढेल. मग निवड प्रतिनिधीगृहाकडे जाते आणि तिथे प्रत्येक राज्याला एकच मत, वायोमिंग आणि कॅलिफोर्निया सारखे. १८२४ मध्ये अँड्र्यू जॅक्सन मतांतही पुढे होते, इलेक्टरांतही, तरी प्रतिनिधीगृहाने जॉन क्विन्सी ॲडम्स यांना निवडलं.

पहिलं पाऊल टाकणार कोण, हाही प्रश्न आहेच. १८०० मध्ये थॉमस जेफरसन यांनी मित्राला कळवलं होतं की मतदारसंघांनुसार निवड सर्वांनी केली तर उत्तम, पण इतर राज्यं एकगठ्ठा मतं देत असताना आपणच वाटून देणं हा मूर्खपणा ठरेल. व्हर्जिनियाने लगेच कायदा बदलून सगळे इलेक्टर एकगठ्ठा केले. २०२४ च्या सप्टेंबरमध्ये नेब्रास्कावरही हाच दबाव आला होता. तिथल्या ओमाहा शहराच्या मतदारसंघाचा एक इलेक्टर डेमोक्रॅटांकडे जाऊ नये म्हणून कायदा बदलायची खटपट झाली आणि एका रिपब्लिकन राज्य सिनेटरने नकार दिला म्हणून ती फसली.

पूर्वाई

रानजाई, मतदारसंघांची पद्धत मलाही नकोच. मेन-नेब्रास्काचं नाव घेतलं ते राज्यांना अधिकार आहे हे दाखवायला. मला टक्केवारीने वाटप हवं आणि त्याला किमान मतांची अट, म्हणजे किरकोळ उमेदवार गळतील. एकट्या राज्याने पुढे व्हायचं नाही. टेक्सास आणि कॅलिफोर्नियाने जोडीने एकाच दिवशी कायदा करावा. दोघांचंही नुकसान, दोघांचाही फायदा.

सह्यकडा, लोकसभेचं उदाहरण इथे जुळत नाही. हरलेल्या पक्षाचे निवडून आलेले खासदार सभागृहात बसतात, पाच वर्षं प्रश्न विचारतात. हरलेल्या उमेदवाराचे इलेक्टर नेमलेच जात नाहीत. तुलना करायचीच तर आपल्या राष्ट्रपतींच्या निवडणुकीशी करा. १९७१ च्या लोकसंख्येवरून महाराष्ट्राच्या आमदाराच्या मताचं मूल्य १७५, गोव्याच्या २०. राज्याचं वजन तिथेही आहेच. पण महाराष्ट्राचे २८८ आमदार आपापलं मत देतात. १४५ जणांनी एकाला दिलं म्हणून उरलेल्या १४३ जणांची मतं त्याच्याच खात्यात टाकली, तर आपण गप्प बसू का?

सह्यकडा

आमदारांचा मुद्दा बिनतोड आहे, तो मी मानतो. तरी कोणत्या राज्याने काय करावं हे त्या राज्यानेच ठरवावं, यावर मी ठाम आहे.

म्हणून निळावंतींना एक सरळ प्रश्न. काही राज्यांनी आपसात करार केलाय की २७० इलेक्टरांइतकी राज्यं सामील झाली की आपले इलेक्टर देशभरात जास्त मतं मिळवणाऱ्याला द्यायचे. कॅलिफोर्निया, न्यूयॉर्क, इलिनॉय त्यात आहेत. २०२४ मध्ये देशभरातही ट्रम्प यांनाच जास्त मतं होती. करार लागू असता तर कॅलिफोर्नियाने आपल्या मतदारांचा स्पष्ट कौल डावलून आपले आताचे ५४ इलेक्टर ट्रम्प यांना दिले असते. चाललं असतं?

निळावंती

हो, दिले असते आणि द्यायलाच हवे होते. कॅलिफोर्नियात ट्रम्प यांना मत देणारे ६० लाख लोक देशाच्या बेरजेत एकदाचे धरले गेले असते. माझा उमेदवार हरला असता तरी मी याच बाजूने उभी राहीन.