बेसमेंटमध्ये १२ फुटांचं पार्टिशन: स्टडची लांबी आणि १६ इंचांच्या खुणा

बेसमेंटवाला
न्यू जर्सीतल्या घराच्या बेसमेंटमध्ये १२ फूट लांब पार्टिशन घालायचं आहे, त्यात ३० इंची दरवाजा. परमिट मिळालंय. वरचं ओझं या भिंतीवर येत नाही. काँक्रीटच्या स्लॅबपासून जॉइस्टच्या (वरच्या मजल्याखालच्या आडव्या तुळयांच्या) तळापर्यंत एका टोकाला ९३ इंच, दुसऱ्या टोकाला ९३½. टू-बाय-फोर आणून ठेवलेत. भिंत जमिनीवर जोडून उभी करायची, तर स्टड (भिंतीतले उभे दांडे) किती लांब कापू? आणि दोन स्टडमधले १६ इंच पहिल्या स्टडच्या कडेपासून मोजायचे की मध्यापासून?

ओळंबा
टू-बाय-फोर नुसतं नाव, लाकूड भरतं दीड बाय साडेतीन इंच. खाली एक प्लेट (स्टड ज्याला ठोकतात ते आडवं लाकूड), वर एक (ओझं नसल्यावर वरची दुसरी लागत नाही), म्हणजे ३ इंच गेले. उंची कमीतली धरा, ९३. त्यातून अजून पाव इंच सोडा. भिंत उभी होताना तिचा कर्ण उंचीपेक्षा जरा जास्त भरतो. पुरी ९३ ची केलीत तर वरची कड जॉइस्टला अडेल. म्हणजे भिंत ९२¾, स्टड ८९¾. वरची फट दोन्ही बाजूंनी पाचरी सारून भरा. दुसऱ्या टोकाला ती पाऊण इंच असेल, चालतं.

आता खुणा, सगळ्यात जास्त चुका इथेच होतात. दोन्ही प्लेट कडेला कड लावून क्लॅम्प करा आणि गुण्याने (काटकोनाने) दोन्हींवर एकदम रेघ ओढा. टेप टोकाला अडकवून पहिली रेघ १५¼ वर, मग ३१¼, ४७¼, ६३¼, असं १६-१६ ने. रेघेच्या पुढच्या अंगाला फुली मारा, स्टड फुलीवर बसतो. म्हणजे ४ फुटी ड्रायवॉलची (भिंतीवर लावायच्या जिप्समच्या शीटची) कड, ४८ इंच, बरोबर स्टडच्या मध्यावर येते आणि दोन्ही शीटना पाऊण-पाऊण इंच लाकूड मिळतं. रेघ थेट १६, ३२, ४८ वर ओढलीत, तर पहिल्या शीटची कड स्टडला नुसती टेकेल, स्क्रू मारायला लाकूडच नाही.

टोकाचे दोन धरून १० स्टड, दरवाजाचे वेगळे. प्रत्येक स्टड डोळ्यापुढे धरून कडेने बघा. बाक असतोच, सगळ्यांचं पोट एकाच बाजूला ठेवा. फार वाकडे असतील ते तुकड्यांसाठी बाजूला काढा.

गुण्या
दरवाजाचं: ३० इंची दाराला मोकळी जागा ३२ इंच रुंद आणि स्लॅबपासून ८२½ उंच. स्लॅबवर फरशी येणार असेल तर तिची जाडी मिळवा. दोन किंग स्टडमध्ये (दाराच्या दोन्ही बाजूंचे पूर्ण उंचीचे स्टड) ३५ इंच अंतर, आत दोन्हीकडे ८१ इंचांचा जॅक (किंगला चिकटून उभा आखूड स्टड), त्यावर ३५ इंचांचा एकच टू-बाय-फोर आडवा, रुंद बाजू खाली. त्याच्या वरचे छोटे उभे तुकडे ७¼ चे, पण १६ च्या खुणा सोडू नका, ड्रायवॉलला त्याच लागतात.

खालची प्लेट प्रेशर-ट्रीटेडच हवी, कारण काँक्रीट ओल ओढतं. तिच्यातल्या तांब्याच्या रसायनाने साधे खिळे गंजतात, म्हणून हॉट-डिप गॅल्व्हनाइज्ड वापरा. प्रत्येक जोडाला साडेतीन इंची दोन. भिंत उभी करण्याआधी दाराच्या दोन्ही कडांवर प्लेटला *खालून* एक इंच खोल करवत फिरवून ठेवा. नंतर मधला तुकडा वरून कापताना पातं काँक्रीटवर घासत नाही. त्या तुकड्यात काँक्रीट स्क्रू मारू नका. उचलण्याआधी दोन्ही कर्ण मोजा, सारखे भरले म्हणजे चौकट काटकोनात.

बेसमेंटवाला
अगदी हवं ते मिळालं. एक राहिलं: भिंत जॉइस्टला समांतर, दोन जॉइस्टच्या बरोबर मध्ये येतेय.

ओळंबा
मग वरची प्लेट ठोकायला लाकूडच नाही. दोन जॉइस्टमध्ये दर २४ इंचांवर टू-बाय-फोरचे आडवे तुकडे बसवा, तळ जॉइस्टच्या तळाशी सपाट. छतालाही ड्रायवॉल करणार असाल तर प्लेटच्या दोन्ही बाजूंना तिच्या कडेसाठीही लाकूड लागेल, ते आत्ताच घाला. भिंत उभी राहिल्यावर तिथे हातोडा फिरत नाही.

वायरिंगवाला
स्टडला भोक मध्यावरच पाडा. ओझं नसलेल्या स्टडमध्ये रुंदीच्या ६० टक्क्यांपर्यंत चालतं, म्हणजे जेमतेम २ इंच. भोकाची कड स्टडच्या कडेपासून सव्वा इंचाच्या आत आली तर तिथे लोखंडी पट्टी ठोका, नाहीतर ड्रायवॉलचा स्क्रू वायरमध्ये जाईल.

गुण्या
कोलोरॅडोत कुणी हे वाचत असेल तर थांबा. तिथे बऱ्याच भागात माती फुगते आणि स्लॅब वर उचलला जातो. म्हणून भिंत वरून टांगतात आणि खाली फट सोडतात. किती सोडायची ते गावच्या बिल्डिंग ऑफिसला विचारा.