लसूण नूडल्स: महागडे सॉस नसले तरी चालतंय

कुणीतरी लिहिलंय की लसूण नूडल्ससाठी लागणाऱ्या ऑयस्टर सॉस आणि परमेसान चीजचा खर्च बघून बेतच रद्द केला. करू नका! हा पदार्थ सॅन फ्रान्सिस्कोतल्या एका व्हिएतनामी कुटुंबाच्या हॉटेलातून गाजला, पण त्याचा जीव लसूण आणि लोण्यात आहे. आपल्या बेळगावात दोन्ही चांगलं मिळतं.

दोघांना 150 ग्रॅम हक्का नूडल्स, लसणाच्या 12 पाकळ्या. लसूण ठेचण्यापेक्षा सुरीनं बारीक चिरा, ठेचलेला पटकन करपतो. चमचाभर तेल, दोन चमचे लोणी, आच अगदी मंद. कडा फिकट सोनेरी दिसल्या की लगेच एक चमचा सोया सॉस, अर्धा चमचा साखर आणि नूडल्स उकडलेलं अर्धी वाटी पाणी घाला. हे पाणी मोरीत ओतू नका हो, त्यातल्या पिठानंच लोणी आणि सॉस एकजीव होऊन नूडल्सला धरून बसतो. नूडल्स किंचित कच्च्या काढून त्यातच परता.

तिखटाला भरडलेली संकेश्वरी मिरची, पण जपून. नुसता रंग हवा तर ब्याडगी. वरून कांद्याची पात. मीठ मात्र चाखूनच, सोया सॉस मुळातच खारट असतो.