मदत हवी आहे: आण्णांची लघवीची नळी सारखी तुंबते

राम राम मंडळी. आम्ही अंबाजोगाईजवळच्या खेड्यातले. मणक्याला मार लागल्यापासून आण्णांना कायमची नळी आहे. महिन्याला बदलायची, पण पंधराव्या दिवशीच तुंबते. मग रात्री-बेरात्री ओटीपोट फुगून तळमळतात, अन् आमची लातूरला पळापळ. काढलेल्या नळीच्या तोंडाशी चुन्यासारखा खर. (गाव बोअरच्या पाण्याला बोल लावतंय.) डॉक्टर म्हणाले, प्रोटिअस नावाचे जंतू युरियाचा अमोनिया करतात, त्यानं लघवीतले क्षार नळीत बसतात. जंतूंचा बुळबुळीत थर तोडणारं एन्झाइम नळीला लावायचं संशोधन चालू आहे म्हणे. तशी नळी कुठं मिळते का? निव्वळ सिलिकॉनची वापरून कुणाला फरक पडला? घरी नळी धुवायला नर्सबाईंकडून कुणी शिकलंय का?