मदत हवी आहे : कानाच्या दुसऱ्या ऑपरेशनऐवजी एमआरआय चालतो का?

नमस्कार मंडळी. आम्ही बेळगावकडच्या खानापूर तालुक्यातले. धाकट्या भावाचा (वय २२) डावा कान सारखा वाहतो, घाण वास येतो. थेंब, गोळ्या झाल्या. औषध आहे तोवर कोरडा, मग परत तेच. सीटी स्कॅनमध्ये कोलेस्टिओटोमा (पडद्यामागे कातडी साचून वाढणारी, हाड झिजवणारी गाठ) निघाला, ऐकण्याच्या हाडांपैकी एक झिजलंय. चक्कर नाही, तोंड वाकडं झालेलं नाही, उजवा कान ठणठणीत.

मॅस्टॉइडचं (कानामागच्या हाडाचं) ऑपरेशन करायचंच आहे, त्यामुळे घरगुती उपाय कृपया नकोत, कानात तेल तर मुळीच नको. अडलंय ते पद्धतीवर. कानाच्या नळीची मागची भिंत काढली तर आजार उलटण्याची भीती कमी, पण तिथे होणारी पोकळी वरचेवर साफ करून घ्यावी लागते आणि कान पाण्यापासून जपावा लागतो. भाऊ भर पावसात रोप लावायला चिखलात उभा असतो, आणि आमच्याकडचा पाऊस तुम्हाला माहीतच आहे. भिंत ठेवली तर साधारण वर्षभराने आत आजार उरलाय का ते बघायला बहुतेक वेळा दुसरं ऑपरेशन. त्याऐवजी नॉन-ईपीआय डिफ्युजन एमआरआय (कान न उघडता उरलेला कोलेस्टिओटोमा दाखवणारा खास एमआरआय) करतात असं वाचलंय. मात्र अगदी बारीक, २-३ मिलिमीटरचा अवशेष त्यात सुटू शकतो.

हा एमआरआय बेळगाव, हुबळी किंवा कोल्हापुरात नेमका कुठे होतो? आणि भिंत ठेवून ऑपरेशन झालेल्या कुणाचं दुसरं ऑपरेशन त्यामुळे टळलंय का?