गिझर गळतोय, घरीच जमेल का?

रावेरकर
मंडळी, १५ लिटरचा गिझर आहे, २००० वॉटचा, २०१८ च्या दिवाळीत घेतलेला. आठवडा झाला, खालून टिपकतोय. बटण दाबलं की दहा मिनिटांत टिप टिप सुरू. आईने खाली गंज (पातेलं) ठेवलाय. एकदा पाणी तापेस्तोवर त्यात अर्धा तांब्या जमतं. पाणी बोअरचं, इतकं जड की तूरडाळ शिजता शिजत नाही.

मिस्तरीला तीन फोन झाले. तो केळीच्या ठिबकच्या कामात अडकलाय आणि इकडे माझ्या मोरीत फुकटचं ठिबक चालू.

शेवटी मीच डोकं लावलं. बाजूच्या व्हॉल्वच्या तोंडातून थेंब येत होते, तिथे चिंधी कोंबून वरून सायकलच्या ट्यूबचं रबर आवळलं. तर आता झाकणाच्या कडेनेही पाणी यायला लागलं, तेही तांबूस. आई म्हणते, माळ्यावरचा तांब्याचा बंब काढ, पऱ्हाटी काय कमी आहे का घरात, आणि गळला तर डाक लावून मिळायचा.

शेतातल्या मोटरचा स्टार्टर मी उघडतो. पाना-टेस्टरची सवय आहे. एवढ्यावर हे जमेल का?

भुसावळचा वायरमन
भाऊ, आधी ती चिंधी काढ. आत्ता. बाकीचं नंतर वाच.

पाणी तापलं की फुगतं. २५ अंशांवरून ७५ वर गेलं की १५ लिटरमागे ३४० मिलीच्या आसपास वाढतं, म्हणजे तुझा अर्धा तांब्या. येणाऱ्या पाण्याच्या बाजूला नॉन रिटर्न व्हॉल्व असल्याने त्याला मागे जाता येत नाही, मग ते सेफ्टी व्हॉल्वमधून टिपकतं. त्याचं कामच ते. ते तोंड बंद आणि त्यात पाणी तापल्यावर करंट तोडणारा थर्मोस्टॅट चिकटला, तर टाकी बॉम्बसारखी फुटते.

झाकणाचं तांबूस पाणी मात्र खरी गळती. नुसतं बटण नको, एमसीबी पाड, टेस्टर लावून खात्री कर, पाणी गार होऊ दे. खालचं झाकण काढून सगळं कोरडं पूस आणि जागोजागी वर्तमानपत्राचा कागद चिकटव. कॉइलच्या चकतीपाशी ओला झाला तर गास्केट (मधलं रबर) गेलं, ते तुझ्या हातचं काम आहे. टाकीच्या पत्र्यातून पाणी झिरपत असेल तर नवीन गिझर घे, एमसील लावून तिथे काही टिकत नाही. टाकी रिकामी करताना बादल्या दोन ठेव, १५ लिटर पाणी निघेल.

अमळनेरचा आप्पा
भाऊ, तांबूस पानी म्हंजे मॅग्नेशियमनी दांडी खपी जायेल से. मन्हा घर बी बोअरनं पानी, दोन वरीसमा दांडी दोरानागत व्हयी जास. ती खपनी का टाकीले गंज धरस. उघाडशी तं ती बी बदली टाक.

चोपड्याची सूनबाई
उघडण्याआधी कार्ड शोधा. टाकीची वॉरंटी बाकीच्या भागांपेक्षा जास्त वर्षांची असते. आम्ही आधी खोललं आणि मग कार्ड सापडलं!

रावेरकर
कार्ड सापडलं, मुदत मागेच संपलेली. चिंधी त्याच रात्री काढली.

कागद चकतीपाशीच ओला झाला, पत्रा कोरडा. जीव भांड्यात पडला. पाच नट, त्यातला एक गंजून गोल झालेला, त्याला रात्रभर तेल पाजलं. चकती खाली आली तशी आतून दोन ओंजळी क्षाराच्या खपल्या पडल्या, अगदी चुन्याच्या पापुद्र्यासारख्या. आप्पांचं बरोबर होतं, दांडीची नुसती मधली तार उरलीय. कॉइल घासून घेतली. जुनं गास्केट आणि ती तार खिशात घालून दुकानात गेलो आणि मापाचं घेऊन आलो.

भुसावळचा वायरमन
नट समोरासमोरचे थोडे थोडे आवळ, एकच बाजू नको. अर्थिंगची वायर विसरू नको. आधी पाणी भर. गरम नळातून सलग धार आल्याशिवाय करंट दिलास तर कॉइल कोरडीच जळेल.

रावेरकर
तसंच केलं. दोन दिवस झाले, झाकण कोरडं ठणठणीत. व्हॉल्वला नळीचा तुकडा लावून मोरीत सोडलाय, टिपको बापडा. आईने गंज मात्र अजून हलवला नाही, "असू दे" म्हणते.

आणि आत्ताच मिस्तरीचा फोन आला. उद्या येतोय म्हणे.