मदत हवी आहे: आरटीटीवाय काँटेस्टसाठी मॅक्रो कसे लिहायचे, आणि ५९९ च्या जागी टी-ओ-ओ का येतंय?

नमस्कार मंडळी,

हॅम रेडिओवर येत्या फेब्रुवारीत सीक्यू डब्ल्यूपीएक्स आरटीटीवाय काँटेस्टमध्ये (आरटीटीवाय म्हणजे रेडिओ टेलिटाइप, टोनमधून मजकूर पाठवायची पद्धत; काँटेस्ट म्हणजे ठरलेल्या वेळात जास्तीत जास्त स्टेशनांशी संपर्क करायची स्पर्धा) पहिल्यांदाच उतरायचं ठरवलंय. एसएसबीवर, म्हणजे आवाजात, काँटेस्ट केल्यात, त्यामुळे पाइलअप (अनेकांनी एकदम बोलावणं) वगैरेची भीती नाही, पण तिथे समोरच्याचा आवाज ऐकला की लगेच कळतं त्याला माझा सीरियल नंबर मिळाला की नाही, परत सांगायचा का, जरा सावकाश बोलायचं का. इथे सगळं सॉफ्टवेअर पाठवणार, मी फक्त एफ१ एफ२ दाबणार, म्हणजे जे काही शहाणपण आहे ते आधीच त्या कीवरच्या तयार मेसेजमध्ये, म्हणजे मॅक्रोमध्ये, लिहून ठेवावं लागणार ना? तेच नीट जमवायचंय म्हणून हा धागा.

सेटअप असा: १०० वॉटची रिग (रेडिओ सेट), यूएसबी केबलने लॅपटॉपला जोडलेली, लॉगिंगला एन१एमएम लॉगर प्लस आणि त्याच्या आत आरटीटीवाय डिकोड करणारं एमएमटीटीवाय. एएफएसके वापरतोय (लॅपटॉपचे टोन रिगला ऑडिओ म्हणून देतो), एलएसबीवर, मार्क (दोन टोनपैकी एक) २१२५ हर्ट्झ. रिसीव्ह छान होतं, वीकएंडच्या छोट्या काँटेस्टमध्ये बसून नुसतं वाचत होतो. ट्रान्समिट अँटेनाऐवजी डमी लोडवर करून बघितलंय, पीटीटी (ट्रान्समिट चालू-बंद करणारं स्विच) व्यवस्थित लागतं आणि सुटतं.

आता अडलंय कुठे ते सांगतो.

पहिलं म्हणजे मेसेज. सॉफ्टवेअरसोबत जे तयार मॅक्रो येतात ते चालतील असं वाटतं, पण बँडवर ऐकताना प्रत्येकाचे वेगळे दिसतात. कोणी स्वतःचं कॉलसाइन (स्टेशनची ओळख) दोनदा पाठवतो कोणी एकदाच, कोणी नंबर तीनदा पाठवतो, कोणी "गुड लक इन द काँटेस्ट" पर्यंत सगळं लिहितो, आणि काही जणांच्या सीक्यूच्या (सगळ्यांना बोलावणाऱ्या मेसेजच्या) शेवटी परत "सीक्यू" असतं ते कशासाठी ते कळलं नाही.

दुसरं, हे सगळ्यात जास्त छळतंय. स्क्रीनवर ५९९ (सिग्नल रिपोर्ट) ऐवजी टी-ओ-ओ येतं. कधी कधी ५९९ बरोबर येतं पण त्याच्या पुढचा नंबर अक्षरांत येतो, म्हणजे "५९९ पी-क्यू-आर" असं काहीतरी. सिग्नल चांगला दणदणीत असतानासुद्धा! टोन उलटे आहेत म्हणावं तर कॉलसाइन नीट येतंय. माझ्याकडून जाणारा नंबर पण लोकांना असाच दिसणार असेल तर त्यांचा वेळ फुकट जाईल, ते मला नकोय.

तिसरं, एंटर दाबत गेलं की पुढचा मेसेज आपोआप जातो ती सोय सुरुवातीलाच चालू करावी का आधी एफ की हातात बसवाव्यात?

कुणी आरटीटीवायवाले असतील तर प्लीज जरा सविस्तर सांगा. ७३ (शुभेच्छा).

---

प्रतिसाद:

ओएम (मित्रा), धागा छान काढलात. तुमचा दुसरा प्रश्न आधी घेतो कारण तो कळला की मेसेज कसे लिहायचे ते आपोआप कळतं.

आरटीटीवायमध्ये एका अक्षराला ५ बिट असतात, म्हणजे फक्त ३२ कोड. एवढ्यात अक्षरं आणि आकडे दोन्ही मावत नाहीत म्हणून एकच कोड दोन कामं करतो, आणि आता अक्षरं चाललीत की आकडे हे सांगायला वेगळा शिफ्टचा कोड आधी जातो. तो एक कोड फेडिंगमध्ये नाहीतर स्टॅटिकच्या कडकडाटात गेला की पुढचे आकडे सगळे अक्षर म्हणून छापले जातात. एरर करेक्शन नाहीच, त्यामुळे सॉफ्टवेअरला काही चुकलंय हे कळायचा मार्गच नाही.

आता कीबोर्डकडे बघा. टी च्या वर ५ आहे, ओ च्या वर ९. टी-ओ-ओ म्हणजे ५९९. पी च्या वर ०, क्यू च्या वर १, आर च्या वर ४, म्हणजे तुम्हाला दिसलेला पी-क्यू-आर हा ०१४ होता, सरळ लॉगमध्ये टाकायचा. ही वरची ओळ डोळ्यांत बसली की काँटेस्टमध्ये अर्ध्या वेळा रिपीट मागावाच लागत नाही.

पण तुम्ही लिहिलेल्या दोन गोष्टींची कारणं वेगळी आहेत हां. सुरुवातीपासूनच टी-ओ-ओ आलं तर शिफ्टचा कोड हवेत हरवला. ५९९ बरोबर आणि स्पेसनंतरचा नंबर अक्षरांत, तेही दणदणीत सिग्नलवर, तर ते बहुतेक यूओएसमुळे (अनशिफ्ट ऑन स्पेस). यूओएस चालू असलं की रिसीव्हर प्रत्येक स्पेसनंतर स्वतःहून अक्षरांवर परत येतो. पाठवणाऱ्याच्या सॉफ्टवेअरमध्येही ते चालू असेल तर ते स्पेसनंतर आकड्यांचा शिफ्ट परत पाठवतं आणि सगळं जुळतं, त्याने बंद ठेवलेलं असेल तर तुमच्याकडे पी-क्यू-आर. तुम्ही रिसीव्ह आणि ट्रान्समिट दोन्हीकडे चालू ठेवा. म्हणजे तुमच्या प्रत्येक नंबरच्या आधी नवा शिफ्ट जाईल, एक हरवला तरी दुसऱ्या वेळचा नंबर नीट छापला जाईल. काही जण स्पेसऐवजी मध्ये डॅश टाकतात, त्यात थोडा वेळ वाचतो हे खरं, पण एकदा शिफ्ट गेला की शेवटपर्यंत सगळंच अक्षरांत. मला स्पेसच बरी वाटते.

आता मेसेज. ४५.४५ बॉडला सेकंदाला साधारण ६ अक्षरं जातात. हा हिशोब डोक्यात ठेवला की "गुड लक इन द काँटेस्ट" किती महाग आहे ते कळतं, चार सेकंद गेले, आणि तेवढ्यात वाट बघणारा दुसऱ्या फ्रीक्वेन्सीवर निघून जातो.

सीक्यूमध्ये "सीक्यू टेस्ट", तुमचं कॉलसाइन दोनदा आणि शेवटी परत "सीक्यू" एवढंच. शेवटचं सीक्यू अशासाठी की डायल फिरवत येणाऱ्याला तुमच्या मेसेजचं शेपूटच सापडतं, नुसतं कॉलसाइन दिसलं तर त्याला कळत नाही की तुम्ही बोलावताय की कुणाला तरी उत्तर देताय.

एक्स्चेंजमध्ये (एकमेकांना द्यायच्या माहितीत) बोलावणाऱ्याचं कॉलसाइन, ५९९ एकदा, नंबर दोनदा, आणि शेवटी परत त्याचं कॉलसाइन. शेवटी परत का, तर पाइलअपमध्ये तुम्ही सुरू करता तेव्हा एकदोघं अजून बोलावतच असतात, त्यांचं पाठवून होईपर्यंत तुमची सुरुवात निघून गेलेली असते आणि मग दोघांनाही वाटतं उत्तर आपल्यालाच. ५९९ मात्र दोनदा कधीच नको, ते सगळ्यांना माहीतच असतं.

दुसऱ्याच्या सीक्यूला उत्तर देताना फक्त स्वतःचं कॉलसाइन दोनदा. त्याला त्याचं कॉलसाइन माहीत आहे.

आणि एक की नुसत्या नंबरसाठी राखून ठेवा, फक्त नंबर तीनदा, बाकी काही नाही. समोरच्याने "एनआर?" (नंबर?) विचारलं की पूर्ण एक्स्चेंज परत पाठवणारे खूप दिसतात, त्याने जे मागितलं तेवढंच द्यायचं.

प्रत्येक मेसेज नव्या ओळीने सुरू करा आणि शेवटी एक स्पेस सोडा, नाहीतर नॉइजमधून छापलेला कचरा तुमच्या कॉलसाइनला चिकटतो आणि समोरच्याला त्यावर क्लिक करता येत नाही. सुरुवातीला टीएक्स आणि शेवटी आरएक्सचा मॅक्रो प्रत्येक कीवर आहे ना ते एकेक करून तपासा, आरएक्स राहिला की रिग ट्रान्समिटवरच अडकते.

---

प्रतिसाद:

वरच्या सगळ्याला दुजोरा. एएफएसकेबद्दल थोडं भर घालतो कारण ते राहिलंय.

स्पीच प्रोसेसर बंद. ऑडिओ लेव्हल एवढीच की एएलसी (ऑडिओ जास्त झाला की दाखवणारा मीटर) जेमतेम हलेल, जास्त दिली की सिग्नल दोन्ही बाजूंना पसरतो आणि शेजाऱ्याचं डिकोडिंग खराब होतं. पॉवर ५० वॉटच्या आसपास ठेवा, कारण आरटीटीवायमध्ये ट्रान्समीटर पूर्ण वेळ पूर्ण ताकदीने चालू असतो, एसएसबीसारखा मध्येमध्ये श्वास घ्यायला मिळत नाही, आणि तासन्‌तास सीक्यू दिलं तर रिग तापते.

एमएमटीटीवायमध्ये एएफसी (रिसीव्ह आपोआप सिग्नलवर जुळवणारं) आणि नेट (ट्रान्समिटही त्याच टोनवर नेणारं) अशी दोन बटणं आहेत. एका जागी बसून सीक्यू देणार असाल तर नेट बंद. ते चालू राहिलं तर जो थोडा बाजूला सरकून बोलावेल त्याच्या मागे तुमचा ट्रान्समिट टोन पण सरकतो, आणि दहा जणांनंतर तुम्ही भलतीकडेच असता. शोधत फिरताना दोन्ही चालू ठेवलं तर चालतं.

अजून एक, एन१एमएममध्ये एकाच सिग्नलवर दुसरं रिसीव्ह डिकोडर लावता येतं, उदाहरणार्थ टूटोन. दोघांची डिकोड करायची पद्धत वेगळी असल्यामुळे एकात कचरा आला तरी दुसऱ्यात कॉलसाइन स्वच्छ दिसतं, आणि कमजोर सिग्नलला याचा फरक खूप पडतो. रिपीट मागायच्या आधी दोन्ही खिडक्या बघायची सवय लावा.

एंटरची सोय पहिल्या दिवसापासून चालू करा असं माझं स्पष्ट मत. रिकामं असताना एंटर म्हणजे सीक्यू, कॉलसाइन भरलं की एंटर म्हणजे एक्स्चेंज, नंबर भरला की एंटर म्हणजे थँक यू आणि लॉग. आरटीटीवायमध्ये कॉलसाइन आणि नंबर माउसने क्लिक करूनच घेता येतात, त्यामुळे एक हात माउसवर आणि एक एंटरवर, बस.

---

धागालेखक:

मनापासून आभार दोघांचेही. कीबोर्डचं वाचल्यावर लगेच जुनी सेव्ह केलेली स्क्रीन उघडून बघितली, जे जे नंबर अक्षरांत होते ते सगळे वाचता आले! यूओएस दोन्हीकडे चालू केलंय, मेसेज पण तुम्ही सांगितलेत तसे लिहून काढलेत.

एकच शंका उरलीय. सॉफ्टवेअर अर्धवट कॉलसाइनवरून पूर्ण कॉलसाइन सुचवतं, आणि काही काँटेस्टमध्ये तर समोरच्याचं एक्स्चेंज पण आधीच भरून ठेवतं म्हणे. त्यावर कितपत भरवसा ठेवायचा? समोरच्याने पाठवलेलंच माझ्या लॉगमध्ये असावं असं मला वाटतं, मग हे वापरणं योग्य आहे का?

---

प्रतिसाद:

डब्ल्यूपीएक्समध्ये सीरियल नंबर असतो, तो प्रत्येक क्यूएसओला (संपर्काला) बदलतो, तिथे आधी भरण्यासारखं काही नसतंच. हा प्रश्न सीक्यू डब्ल्यूडब्ल्यूसारख्या ठिकाणी येतो, जिथे झोन (जगाच्या विभागाचा क्रमांक) पाठवायचा असतो. तिथे सॉफ्टवेअर प्रिफिक्सवरून (कॉलसाइनच्या सुरुवातीवरून) झोनचा अंदाज बांधतं आणि बहुतेक वेळा तो बरोबर असतो, पण अलास्का आणि हवाई सोडून अमेरिकेतच ३, ४ आणि ५ असे तीन झोन आहेत आणि माणूस दुसरीकडे राहायला गेला तरी कॉलसाइन जुनंच ठेवू शकतो. म्हणून भरलेला आकडा आणि छापून आलेला आकडा डोळ्याने ताडून बघायचा, वेगळा असला तर छापून आलेला खरा.

कॉलसाइन सुचवणाऱ्या यादीचंही तसंच. ती नेहमी भाग घेणाऱ्यांची यादी असते, त्यामुळे नवा माणूस तिच्यात नसणार, आणि एका अक्षराच्या फरकाने दुसराच कुणीतरी ओळखीचा तिथे दिसणार. यादीत नाही म्हणून छापून आलेलं बदलायचं नाही, शंका असली तर त्याला कॉलसाइन परत विचारायचं, चारपाच सेकंद जातात तेवढेच. तुम्ही चुकीचं कॉलसाइन पाठवलंत आणि तो बरोबर करून पाठवतोय का, हे मात्र नक्की बघत जा, एंटरच्या नादात तिकडेच लक्ष राहत नाही. विचारायचं ते तिथेच हवेवर विचारून घ्या, कारण सीक्यू डब्ल्यूपीएक्स, सीक्यू डब्ल्यूडब्ल्यू अशा काँटेस्टमध्ये वेळ संपल्यावर डेटाबेस बघून किंवा ईमेल करून लॉगमधली कॉलसाइन दुरुस्त करायला परवानगी नाही.

क्लस्टर किंवा स्किमरवरून आयते स्पॉट (कोण कुठल्या फ्रीक्वेन्सीवर आहे याची इंटरनेटवरची माहिती) घेणार असाल तर ते बऱ्याच ठिकाणी असिस्टेड, म्हणजे मदत घेतलेलं, धरलं जातं, प्रत्येक काँटेस्टचे नियम यात वेगळे असतात, तेव्हा नियम वाचून कॅटेगरी आधी ठरवा. लॉग कॅब्रिलो फॉरमॅटमध्ये एन१एमएमच काढून देतं, डब्ल्यूपीएक्ससाठी ५ दिवसांच्या आत अपलोड करायचा. आणि सिंगल ऑपरेटरला ४८ पैकी ३० तासच मोजले जातात, तेव्हा झोप कधी घ्यायची ते बँड कधी बंद असतात ते बघून ठरवा.

फेब्रुवारीत भेटूच, १५ मीटरवर ऐकत असेन. ७३.