मुलाला 'सुधारणा केंद्रात' ठेवावं का? वय १५, घरात सगळेच थकलोय

कृष्णाकाठ_आई:

इथे पहिल्यांदाच लिहितेय, लांबलं तर समजून घ्या. मुलगा १५ वर्षांचा, नववीत. दिवाळीनंतर शाळा जवळपास बंदच केलीये, सकाळी उठवायला गेलं की शिव्या. मोबाईल काढून घेतला तर कपाटाची काच फोडली, मागच्या महिन्यात बाबांच्या अंगावर धावून गेला आणि त्यांनीही हात उचलला, शेवटी शेजाऱ्यांनी येऊन सोडवलं. रात्री मोठ्या पोरांबरोबर बाहेर असतो, खिशात माव्याची पुडी सापडली, बाकी काही घेतो का कळत नाही. हाच मुलगा सातवीपर्यंत ठीक होता हो, गणपतीत ढोल वाजवायला सगळ्यांच्या पुढे, धाकट्या बहिणीला सायकलवर डबलसीट फिरवायचा. आता ती त्याला घाबरते.

मोठे दीर म्हणतात त्यांच्या ओळखीत एक सुधारणा केंद्र आहे, मूळचं व्यसनमुक्तीचं पण अशी मुलंही घेतात. ते लोक स्वतः गाडी घेऊन येतात, मुलाला आधी काही सांगायचं नाही, पहाटे घेऊन जातात, तीन महिने फोन नाही भेट नाही. महिना वीस हजार. मी फोन करून विचारलं डॉक्टर कोण आहेत तर म्हणाले आमच्याकडे सगळी सोय आहे, तुम्ही काळजी करू नका. मिस्टरांचं मन तयार झालंय. माझं होत नाहीये, पण घरात रोज जे चाललंय तेही आता झेपत नाही. कुणी असं मुलाला ठेवलंय का? फरक पडतो का?

रानवारा:

ताई मन घट्ट करा. आमच्या गावातली दोन पोरं मिलिटरी पॅटर्नच्या निवासी अकॅडमीत टाकली होती, पहाटे पाचला ग्राउंड, मोबाईल बंद, वेळेवर जेवण, वर्षात सरळ झाली. या वयात भीती पाहिजेच. केंद्र नको वाटत असेल तर सैनिक शाळेचं बघा.

समुपदेशी_सातारा:

मी मानसोपचार विभागात सोशल वर्कर आहे, किशोरवयीन मुलांचंच काम बघते, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आधी सैनिक शाळेचं. तिथे सहावी आणि नववीलाच प्रवेश असतो, तोही परीक्षा देऊन, आणि ती काही मुलं सुधारायची जागा नाही. खाजगी अकॅडमीत शिस्त असते, मान्य, पण मूल का बिघडलं हे तिथे कुणी विचारत नाही. पंधराव्या वर्षी नैराश्य आलं तर ते मोठ्यांसारखं रडून दिसत नाही, चिडचिड, तोडफोड, झोपेचा बट्ट्याबोळ असं दिसतं. काही मुलांना एडीएचडी असतो, म्हणजे लक्ष टिकत नाही, एका जागी बसवत नाही. काहींना वाचन-लेखनाची अडचण असते जी सातवीपर्यंत पाठांतराने झाकली जाते आणि आठवी-नववीत उघडी पडते, मग रोज वर्गात अपमान होण्यापेक्षा शाळाच नको असं होतं. काहींवर लैंगिक अत्याचार झालेला असतो आणि त्यांनी तो कुणालाच सांगितलेला नसतो. ताई, तुमचा मुलगा सातवीपर्यंत ठीक होता असं तुम्ही लिहिलंय, म्हणजे मधे काहीतरी घडलंय किंवा काहीतरी झेपेनासं झालंय. अशा मुलाला पहाटे अनोळखी माणसांनी गाडीत घालून नेलं तर तो पुढे कुणावर विश्वास ठेवणार?

आता त्या केंद्राबद्दल. मानसिक आजारासाठी माणसांना ठेवून घेणाऱ्या कुठल्याही संस्थेला मानसिक आरोग्यसेवा कायदा २०१७ खाली नोंदणी लागते, आणि दारू-ड्रग्जमुळे होणारे त्रासही त्या कायद्यात येतात, म्हणजे व्यसनमुक्तीवाले सुटत नाहीत. पहिलं काम, राज्य मानसिक आरोग्य प्राधिकरणाचं नोंदणी प्रमाणपत्र दाखवा म्हणा. आणि १८ खालच्या मुलांसाठी त्याच कायद्यात कलम ८७ आहे ते मिस्टरांना नक्की वाचून दाखवा. मुलाला भरती करायच्या आधी दोन मानसोपचारतज्ज्ञांनी, किंवा एक मानसोपचारतज्ज्ञ आणि एक दुसरा मानसिक आरोग्य तज्ज्ञ किंवा डॉक्टर यांनी, स्वतंत्रपणे तपासून ठरवायचं असतं की भरती खरंच गरजेची आहे आणि बाहेर राहून उपचार शक्य नाहीत. मुलांना मोठ्या पेशंटपासून वेगळं ठेवायचं. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे पालकाने किंवा पालकाने नेमलेल्या माणसाने भरतीच्या पूर्ण काळात मुलाबरोबर राहायचं, मुलगी असेल तर बाईनेच. त्याच कायद्याखाली देखरेखीसाठी असलेल्या मानसिक आरोग्य पुनरावलोकन मंडळाला ७२ तासांत कळवायचं, ३० दिवसांच्या पुढे गेलं तर पुन्हा कळवायचं आणि दर ३० दिवसांनी तपासणी. तुम्ही संमती मागे घेतली की मुलाला सोडावं लागतं. साखळीने बांधून ठेवायला तर कुणाच्याच बाबतीत परवानगी नाही, वय कितीही असो.

तीन महिने भेट नाही म्हणणारी जागा यात कुठे बसते तुम्हीच बघा.

भरती म्हणजे वाईटच असं मात्र अजिबात नाही. मूल स्वतःला इजा करत असेल, जिवावर उठलं असेल, भास होत असतील, खाणंपिणं सोडलं असेल, नशा हाताबाहेर गेली असेल तर भरती करावीच. बंगळुरूला निम्हान्स या मानसिक आरोग्याच्या राष्ट्रीय संस्थेत मुलांचा आणि किशोरांचा स्वतंत्र वॉर्ड आहे, तिथे घरचं माणूस मुलासोबत राहतं. पण सुरुवात सिव्हिल हॉस्पिटलच्या मानसोपचार ओपीडीपासून करा, नाहीतर जवळच्या मेडिकल कॉलेजात. तोवर टेलिमानस ही सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइन, १४४१६, फुकट आहे, मराठीत बोलतात.

अबोली_ना:

वरच्या ताईंनी लिहिलंय ते आम्ही जगलोय. माझी मुलगी तेव्हा सोळाची होती, हातावर ब्लेडने कापून घ्यायची. काही आठवडे ती मेडिकल कॉलेजच्या वॉर्डात होती आणि मी तिच्यासोबत. मला वाटलेलं डॉक्टर तिला बरी करतील आणि मी डबा खाऊ घालायला बसेन. तसं नसतं. सकाळी उठायची वेळ, अंघोळ, नाश्ता, मग बाकी पेशंटबरोबर ग्रुप सेशन, चित्रकला, थोडा अभ्यास, सगळ्याचा तक्ता भिंतीवर. तिने चिडून ताट ढकललं की मी काय बोलते ते सिस्टर लांबून बघायच्या आणि नंतर मला बाजूला घेऊन सांगायच्या, आत्ता तुम्ही सलग पाच प्रश्न विचारलेत, एकच विचारा आणि थांबा. मिस्टरांना आठवड्यातून यायलाच लागायचं, फॅमिली सेशन चुकलं की डॉक्टर ओरडायचे त्यांना. सुट्टी देण्याआधी दोन रात्री घरी पाठवलं, घरी काय बिनसलं ते परत आल्यावर लिहून घेतलं आणि त्यावर काम केलं. शाळेच्या बाईंशी डॉक्टरांनी स्वतः बोलून घेतलं की आधी अर्धा दिवसच येईल. औषधं पुढे बरेच दिवस चालू होती. आता कॉलेजला जाते. अधूनमधून वाईट दिवस येतात पण ती येऊन सांगते.

माझ्या मते आम्ही दोघं तिथे होतो म्हणून ते टिकलं. मूल कितीही चांगल्या ठिकाणी राहून आलं तरी परत याच घरात येणार, याच बाबांसमोर बसणार. कृष्णाकाठ ताई, बाबांनी हात उचलला ते तुम्ही लिहिलंत त्याचं मला फार बरं वाटलं, ते डॉक्टरांसमोर पण सांगा, लपवू नका.

जर्सीकर:

अमेरिकेतून लिहितोय. ते पहाटे गाडी घेऊन येण्याचं वाचून हादरलो कारण इथे अगदी हेच चालतं. पैसे देऊन माणसं बोलवायची, मुलाला झोपेतून उठवून न्यायचं, जंगलातल्या कॅम्पात नाहीतर युटासारख्या राज्यातल्या निवासी केंद्रात ठेवायचं, पत्रं तपासायची, फोन बंद. अनेक दशकं चाललंय. पॅरिस हिल्टन, इथली प्रसिद्ध टीव्ही स्टार, स्वतः लहानपणी अशा केंद्रात होती, २०२१ मध्ये तिने युटाच्या विधिमंडळात साक्ष दिली, २०२४ मध्ये अमेरिकन संसदेच्या समितीसमोर. त्याच वर्षी फेब्रुवारीत नॉर्थ कॅरोलिनात अशा कॅम्पात १२ वर्षांचा मुलगा पोचल्यावर २४ तासांच्या आत गुदमरून वारला. जूनमध्ये सिनेटच्या, म्हणजे संसदेच्या वरच्या सभागृहाच्या, फायनान्स कमिटीचा निवासी केंद्रांवर अहवाल आला, मारहाण, लैंगिक अत्याचार, मुलांना बांधून ठेवणं, कोंडणं, सगळं त्यात आहे. डिसेंबर २०२४ ला अशा संस्थांमधल्या छळाविरुद्ध देशपातळीवरचा कायदा झाला. सुरुवातीचं पाऊल आहे, पण झाला.

उपयोग कशाचा होतो तर घरी येऊन काम करणाऱ्या टीमचा. मल्टिसिस्टेमिक थेरपी म्हणून प्रकार आहे, एका थेरपिस्टकडे चार ते सहाच कुटुंबं, तो घरी येतो, शाळेत जातो, मित्र कोण ते बघतो, रात्री-अपरात्री फोन उचलतो, साधारण तीन ते पाच महिने चालतं. न्यू जर्सीत तर मूल घरात भडकलं की फोन केल्यावर तासाभरात माणूस घरी येतो. भारतात हे असं मिळत नाही ठाऊक आहे, पण निदान दिशा तरी तीच ठेवा. आणि आधीच भडकलेली वीस पोरं एका खोलीत ठेवली की ती एकमेकांकडूनच शिकतात, हे इथे अभ्यासातही दिसलंय.

रानवारा:

कायद्याचं मला माहीत नव्हतं, चांगली माहिती दिलीत. पण एक विचारतो, आज रात्री परत तो अंगावर आला तर ताईंनी काय करायचं? ओपीडी सकाळी उघडते.

समुपदेशी_सातारा:

बरोबर प्रश्न आहे. भांडण पेटलेलं असताना मोबाईल हिसकावू नका, ती गोष्ट दुसऱ्या दिवशी शांतपणे. एकाच मोठ्या माणसाने बोलायचं, हळू आवाजात, दारात उभं राहून वाट अडवायची नाही. बाबांनी तेव्हा खोलीबाहेर जायचं, ही हार नाही हो, यानेच मारामारी टळते. धाकटीला कुठे पाठवायचं ते आजच ठरवून ठेवा, शेजारी किंवा आजी. सुऱ्या, ब्लेड, फिनेल, गोळ्या कुलपात. त्याने कुणाला खरंच इजा केली किंवा स्वतःला करायला लागला तर ११२ ला फोन करा आणि थेट इमर्जन्सीला न्या, त्यात लाज नाही. आणि कुठल्या संस्थेत मुलांना मारतात असं कळलं तर १०९८, ती मुलांसाठीची हेल्पलाइन आहे.

कृष्णाकाठ_आई:

सगळ्यांचे आभार, मिस्टरांना सगळं वाचून दाखवलं. कलम ८७ दोनदा वाचायला लावलं त्यांनी. दिरांना नाही म्हणून कळवलंय, ते नाराज आहेत. केंद्राला प्रमाणपत्र मागितलं तर त्यांनी फोनच ठेवला. बुधवारी सिव्हिलला मानसोपचार ओपीडी असते, आम्ही दोघं जाणार. पण त्याला काय सांगून न्यायचं? दातांच्या डॉक्टरकडे जायचंय सांगू का? खरं सांगितलं तर येणारच नाही तो.

समुपदेशी_सातारा:

खोटं नको, तिथे पाटी वाचली की संपलं सगळं. आदल्या दिवशी सांगा, तो शांत असेल तेव्हा. "घरात आपण सगळेच भांडून थकलोय, मी आणि बाबा डॉक्टरांना भेटायला चाललोय, तुझी बाजू तूच सांगावीस असं वाटतं." नाही म्हणाला तर वाद घालू नका, तुम्ही दोघंच जा. पहिल्या भेटीला फक्त आईबाबा आले तरी डॉक्टर बोलतात, आमच्याकडे कितीतरी केसेस तशाच सुरू होतात. जाताना शाळेची गेल्या तीन वर्षांची प्रगतीपुस्तकं घेऊन जा.